दिवाळीचा रंग लागण्याआधी

नागपूरहून महामार्ग ४४ ने पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो. महामार्ग सोडून पश्चिमेला तलमडुगुकडे वळावे आणि सीमेवरच्या गावांत काय उभे आहे ते पाहावे. वेशीवरची सिमेंटची कमान, बस थांब्याचे छप्पर, पेंटरने हाताने रंगवलेली बियाण्याची जाहिरात, कौलारू घराला पुढून जोडलेला काँक्रीटचा दर्शनी भाग. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मराठी मुलखात आले, तलमडुगु तेलुगू राज्यात गेले. बोली मात्र दोन्हीकडे मिसळलेल्याच राहिल्या. या साऱ्या वास्तू आपल्या कॅमेऱ्याच्या हक्काच्या आहेत, आणि त्यांच्याकडे वेळ फार थोडा आहे.

त्यांना वाचवायला कायदा येणार नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते; चाळीस वर्षांच्या कमानीला त्यात जागा नाही. रस्ता रुंद झाला की ती पडते. बाह्यवळण झाले की जुन्या रस्त्यावरचा धाबा गिऱ्हाइकाविना बंद पडतो. तिसरे कारण आपल्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे रंग. दसरा-दिवाळीला भिंतीवर नवा हात फिरतो आणि अक्षरे चुन्याखाली जातात. इमारत जागेवर असते, तिचा चेहरा गेलेला असतो. म्हणून पावसाची उघडीप मिळाली की सप्टेंबरातच निघावे.

याच जिल्ह्यातले इंद्रवेल्ली आठवा. २० एप्रिल १९८१ रोजी पोलीस गोळीबारात मारल्या गेलेल्या आदिवासींच्या स्मरणार्थ तिथे स्तूप उभा राहिला. १९८६ मध्ये तो उडवून देण्यात आला आणि पुढे नवा बांधला गेला. आज वाटसरू पाहतो तो दुसरा स्तूप. पहिल्याची घडण दाखवणारे छायाचित्र कोणाच्या घरी पेटीत पडले असेल, तर ते शोधून त्याची प्रत करणे हेही आपलेच काम.

अमेरिकेत जॉन मार्गोलीस यांनी तीसहून अधिक वर्षे मोटेल, पेट्रोल पंप, प्राण्यांच्या आकाराची दुकाने टिपली. त्यांच्या ११,७१० रंगीत स्लाइड्स आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कोणालाही वापरायला खुल्या आहेत. सकाळचे ऊन, स्वच्छ आकाश, ५० मिमीची लेन्स, समोरून सरळ चौकट ही त्यांची शिस्त जरूर घ्यावी. माणसे आणि गाड्या चौकटीबाहेर ठेवण्याचा त्यांचा आग्रह मात्र मला पटत नाही. कमानीखालून जाणारी कापसाची गाडी, थांब्याच्या ओट्यावर टेकलेली म्हातारी माणसे यांच्यासाठीच तर ते बांधकाम झाले. ती वगळली की उरतो नुसता आकार, आणि कमान किती उंच, गाडीला किती रुंद हेही कळत नाही.

मुंबईच्या राजेश व्होरा यांनी पंजाबात घरांच्या गच्चीवरच्या विमान, फुटबॉल, ट्रॅक्टरच्या आकाराच्या टाक्या टिपल्या. तिथे नवल लांबूनच दिसते. आपल्याकडे ते कठड्याच्या जाळीत, खांबाच्या माथ्यावर, सिमेंटमध्ये उठवलेल्या नावात दडलेले असते. त्यासाठी गाडीतून उतरून चालावे लागते.

पहिले चित्र समोरून, उभ्या रेषा सरळ ठेवून. टिल्ट-शिफ्ट नसेल तर मागे सरकावे आणि नंतर कातरावे. दुसरे रस्ता, तारा, शेजारची टपरी यांच्यासकट. मग गिलावा आणि अक्षरे जवळून, आणि पाटीवर दोन लिप्या असतील तर दोन्ही वाचता येतील अशी. टिपणात गाव, मंडल, तारीख, वास्तूचे तोंड कोणत्या दिशेला, आणि सर्वांत महत्त्वाचे, गवंड्याचे व पेंटरचे नाव. ते हयात असतील तर कमानीचा घाट कुठून सुचला ते विचारावे. हे पुढे कोणीही सांगू शकणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार वास्तूचे छायाचित्र काढणे आणि छापणे हा हक्कभंग ठरत नाही. तरीही घरमालकाला विचारल्याशिवाय ट्रायपॉड उघडू नये.

मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवाव्यात. छापील संच गावच्या शाळेला आणि ग्रामपंचायतीला द्यावा, मागे तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत नोंद लिहून. तेलुगू मजकुरासाठी शाळेतल्याच शिक्षकांना बरोबर घ्यावे.