शॉर्टहँड कशाला शिकायचं?

आमची भाची सास्तूरची. कॉलेजात ऑफिस मॅनेजमेंट शिकतेय. तिचं म्हणणं असं की, "मामा, फोनसमोर बोललं की आपोआप लिहून येतंय, मग ह्या रेघोट्या कशाला गिरवायच्या?" यावरून घरात सरळ दोन पक्ष पडलेत. ताईचं म्हणणं सरकारी नोकरी, भाऊजींचं म्हणणं कॉम्प्युटर. दोघंही हे वाचणार आहेत, म्हणून आमचं मत इथे एकदाच लिहून टाकतो.

आधी नोकरीचं बघू, कारण आपल्याकडे शिक्षणाची चर्चा तिथूनच सुरू होते. राज्य सरकारात लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्दांचा वेग लागतो, निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, उच्चश्रेणीला १२०. केंद्राच्या स्टेनोग्राफर 'डी' परीक्षेत ८०च्या वेगाने दहा मिनिटं डिक्टेशन असतं, म्हणजे झाले ८०० शब्द. तेही हिंदीत नाहीतर इंग्रजीत, मराठीला तिथे जागा नाही. आपण साध्या अक्षरात लिहायला बसलो तर मिनिटाला वीस-पंचवीस शब्दांवर हात दुखायला लागतो. तेव्हा हे काम सोपं नाही, आणि जागाही काही पोत्याने निघत नाहीत. नुसतं नोकरीचं गाजर दाखवून कुणी पोरीला या वाटेला लावू नये. इथे भाऊजींचं बरोबर आहे.

पण रेघोट्या म्हणजे काय, ते जरा बघा. आयझॅक पिटमनने १८३७ साली ही पद्धत काढली. तिच्यात अक्षर नाही, आवाज लिहायचा. 'प'ची रेघ बारीक, तीच जाड काढली की 'ब'. 'ट'ची जाड केली की 'ड'. स्वरांसाठी ठिपके आणि बारीक फटकारे, पण वेगात लिहिताना ते बहुतेक गाळले जातात. आता मराठीत विचार करा. 'क' आणि 'र' एवढाच सांगाडा कागदावर उरला, तर तो 'कर' असेल, 'केर' असेल, नाहीतर 'कोरा'. रेघ ओळीच्या वर आहे की खाली, यावरून थोडा अंदाज येतो. बाकी सरपंचांनी कर भरायला सांगितला की केर काढायला, हे पुढचं-मागचं वाक्य समजलं असेल तरच कळणार! म्हणजे स्टेनोला न समजता लिहिणं परवडत नाही. आम्हाला या विद्येतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. हात चालतो तो कानाच्या आणि डोक्याच्या मागून.

फोनचं तसं नाही. परवा आम्ही त्याला मुद्दाम "माळवद बसलं" असं सांगून पाहिलं. त्याने लिहिलं, "मालवण बसलं". हसून झालं, पण नंतर हसू आलं नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे सास्तूरला जे झालं, ते याच दोन शब्दांत सांगता येतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरून मातीचं माळवद, त्याखाली माणसं गेली. अशा गावातली एखादी म्हातारी कोर्टात किंवा कचेरीत काही सांगायला उभी राहिली, तर तिचं बोलणं कागदावर आणणाऱ्याला माळवद म्हणजे काय ते माहीत असायला हवं. सास्तूरच्या पोरीला ते माहीत आहे. पुढे फोन सुधारेल, माळवदही शिकेल. पण त्याने लिहिलेलं बरोबर की चूक, हे तपासायला तसा कान असलेलं माणूस लागेलच ना?

आणि शब्दन् शब्द उतरवून घेण्याने काय होतं, याचा एक जुना दाखला. १९१६ साली टिळकांची बेळगावची आणि अहमदनगरची भाषणं पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपून घेतली. हेतू अर्थातच चांगला नव्हता! त्यावरून चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजारांचा मुचलका मागितला गेला. पण मुंबई हायकोर्टाने सुटी वाक्यं न धरता भाषणं सबंध वाचली, आणि ९ नोव्हेंबर १९१६ला निकाल टिळकांच्या बाजूने लागला. पोलिसांनी फक्त सोयीची चार वाक्यं टिपली असती तर?

आता तक्रार. एका कॉलेजात (नाव नको) पोरं वर्षभर तेच ते ठरावीक उतारे घोकताना पाहिली. "उपरोक्त विषयास अनुसरून" याची खूण झोपेतही काढतील, पण ग्रामसभेत कुणी भडकून बोलायला लागलं की हात थांबतो. याला शॉर्टहँड म्हणायचं का? आमचं म्हणणं एवढंच, की रोज अर्धा तास डिक्टेशन द्या, पण जिवंत बोलण्याचं. कधी बातम्या, कधी बाजारातलं भांडण, कधी आजीची गोष्ट. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचायला लावा, कारण खरी परीक्षा तिथेच आहे.

तेव्हा ताई, भाऊजी, आमचं मत असं: तिला ८०पर्यंत जाऊ द्या. पुढे १००ला जायचं की कॉम्प्युटरकडे वळायचं, ते तिचं ती ठरवेल. नोकरी लागो न लागो, समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत, मध्ये न तोडता ऐकायची सवय तरी लागेल. आपल्या खानदानात ती कुणालाच नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच... असो. तुमच्यापैकी कुणी ही विद्या शिकलं असेल, तर तिचा पुढे काय उपयोग झाला ते जरूर कळवा.