गुणोत्तर आधी वाचा

दोन कंपन्या एक होणार अशी बातमी आली की जळगाव-धुळ्याच्या ब्रोकरकडे एकच प्रश्न येतो: घ्यायचा का? कोणत्या गुणोत्तराने, हे क्वचितच कोणी विचारतो. सेसा गोवा आणि स्टरलाइट यांचे विलीनीकरण फेब्रुवारी 2012 मध्ये जाहीर झाले, तेव्हा स्टरलाइटच्या 5 शेअरना सेसाचे 3 ठरले. शंभरवाल्याच्या हाती साठ. त्या दिवसापासून स्टरलाइटचा भाव सेसाच्या भावाला बांधला गेला. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात सेसासह गोव्यातल्या सगळ्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. तांबे-जस्ताची कंपनी म्हणून शेअर घेतलेल्यांच्या माथी खाणबंदीची जोखीम आली, आणि विलीनीकरण पूर्ण व्हायला ऑगस्ट 2013 उजाडला.

या कंपन्या तरी बड्या. छोट्या खाण कंपन्यांत रोजची उलाढालच तुटपुंजी. चार खरेदीदारांनी अप्पर सर्किट लागते, विकायला गेल्यावर गिऱ्हाईक सापडत नाही. खाणींबाहेरही गुणोत्तराइतकेच कर्ज पाहावे लागते: जैन इरिगेशनने परदेशातला सिंचन व्यवसाय 2023 मध्ये रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन केला, तेव्हा कर्जाचा भार उतरणे हा त्यातला मोठा भाग होता. ज्यांना नव्याने पैसे लावायचे आहेत, त्यांनी गुणोत्तर, दुसऱ्या कंपनीचे कर्ज आणि खाण कंपनी असेल तर खाणपट्ट्याची मुदत पाहूनच लावावेत.