चिठ्ठीवर न लिहिलेला आकडा

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पत्र्याच्या पेटीत मला कात्रीने अर्ध्या केलेल्या गोळ्या सापडल्या. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर असलेला माणूस, हिशेब चोख. एका खणात अर्ध्या केलेल्या गोळ्या, दुसऱ्यात न फोडलेली पाकिटं, आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला कागद. त्यावर कुठल्या वाराला कुठली गोळी घ्यायची नाही, याचं वेळापत्रक. सोमवारी एक वगळायची, मंगळवारी दुसरी. एकाच औषधावर फार अन्याय नको, असा तो हिशेब होता. हे वेळापत्रक त्यांनी स्वतः ठरवलं होतं, कारण त्यांच्यासोबत बसून ते ठरवायची गरज दुसऱ्या कुणालाच वाटली नव्हती.

२०२२ च्या जूनमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी केशरी रेशनकार्डावर सरकारी योजनेत झाली, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण हृदयाचा बराच स्नायू तोवर गेला होता. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ‘पंपिंग तीस टक्के आहे. गोळ्या जन्मभर घ्यायच्या.’ तेही माझ्याकडे बघून. अण्णा शेजारीच बसले होते.

निरोगी हृदय आत भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला साधारण ५५ ते ७० टक्के बाहेर टाकतं. शंभर टक्के कुणाचंच नसतं. हे एक वाक्य कुणी बोललं असतं तर सहा महिने माझी आई हृदयाचे सत्तर टक्के बंद पडलेत असं समजून रात्री-अपरात्री अण्णांच्या नाकासमोर हात धरून बसली नसती. त्यात कार्डावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलेलं. आमच्याकडे फेल म्हणजे संपलं. हृदय थांबलेलं नाही, कमजोर झालंय, आणि योग्य औषधांनी ते पुष्कळदा सुधारतं, हे सांगायला किती वेळ लागतो?

पहिल्या महिन्याचं बिल सात हजारांच्या घरात गेलं. अण्णांचं पेन्शन तीन हजारही नाही. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची एक गोळी तेव्हा सत्तर रुपयांच्या वर होती आणि दिवसाला दोन घ्यायच्या होत्या. एम्पाग्लिफ्लोझिनची एक गोळी साठच्या आसपास. बाकीची औषधं, म्हणजे मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, लघवी वाढवणारी ‘पाण्याची गोळी’, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, सगळी मिळून त्या दोघांच्या तुलनेत किरकोळ. चिठ्ठीवर मात्र सगळी एका रांगेत, सारख्याच अक्षरात. कुठली सत्तरची आणि कुठली दोन रुपयांची, हे कळतं ते फक्त मेडिकलच्या काउंटरवर, मागे चार माणसं उभी असताना. तिथे माणूस मान खाली घालून म्हणतो, ‘सध्या दहाच द्या.’ हृदयाच्या उपचारातला सगळ्यात मोठा निर्णय आपल्याकडे त्या काउंटरवर होतो. तिथे डॉक्टर नसतो.

नोव्हेंबरात अण्णांच्या पायांवर सूज आली. झोपायला आधी दोन उशा लागत होत्या, मग तीन, मग ते खुर्चीतच रात्र काढू लागले. अतिदक्षता विभागात चार दिवस. हे भरती होणं योजनेत बसलं नाही, आणि आईच्या पाटल्या गेल्या. केसपेपरवर एका शिकाऊ डॉक्टरने लिहिलं होतं : ‘नॉन-कम्प्लायंट.’ म्हणजे सांगितलेलं न ऐकणारा.

त्या शब्दाचा मला आजही संताप येतो. ज्या माणसाने तीस वर्षं एक रुपयाची तफावत येऊ दिली नाही, तो स्वतःच्या जिवाशी बेफिकीर होता? त्याला कुणी विचारलं होतं का, की बाबा, महिन्याला किती झेपेल? सात हजारांची चिठ्ठी तीन हजारांच्या माणसाच्या हातात ठेवायची, किमतीचा उच्चारही करायचा नाही, आणि तो मोडला की दोषाचा शिक्का त्याच्याच कपाळावर मारायचा. डॉक्टरांची ही चूक आहे. तिला वेळेच्या अभावाचं, गर्दीचं, व्यवस्थेचं पांघरूण घालणं आता पुरे. ऐपतीची चौकशी न करता लिहिलेली जन्मभराची चिठ्ठी हा अर्धवट उपचार आहे, जसा रक्तदाब न मोजता दिलेला उपचार अर्धवट असतो.

‘रुग्णाने निर्णयात सहभागी व्हावं’ हे आता सगळ्याच वैद्यकीय परिषदांत बोललं जातं. आमच्या वाट्याला तो सहभाग कधी आला, ते सांगते. अँजिओग्राफी चालू असताना दार उघडून ‘स्टेंट टाकायचा का, पाच मिनिटांत सांगा’ हे विचारलं गेलं. दुसऱ्यांदा भरती केलं तेव्हा धोक्याच्या फॉर्मवर सही घेतली गेली. जिथे जबाबदारी अंगावर येऊ शकते तिथे नातेवाइकांचं मत लागतं. रोज सकाळ-संध्याकाळ, उरलेलं सगळं आयुष्य जे गिळायचं आहे, त्याबद्दल मत नको.

आणि निवडीला वाव नव्हता असंही नाही. एम्पाग्लिफ्लोझिनच्याच गटातल्या डॅपाग्लिफ्लोझिनचं मुख्य पेटंट भारतात २०२० च्या ऑक्टोबरात संपलं होतं. कितीतरी कंपन्यांच्या गोळ्या पाव किमतीत मिळत होत्या. दोन्ही औषधांच्या मोठ्या चाचण्या झालेल्या : डॅपाग्लिफ्लोझिनची २०१९ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनची २०२० मध्ये. कमजोर हृदयाच्या रुग्णांत हृदयविकाराने मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होणं, हे एकत्र मोजलं तर दोन्हींत साधारण पाव हिश्शाने कमी झालं. मग साठ रुपयांची का लिहिली? नव्वद सेकंदांत बोलता येण्यासारखी ही गोष्ट होती. महिन्याचे हजारेक रुपये वाचले असते.

सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचंही तेच. २०१४ मध्ये आठ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने एनालाप्रिलला मागे टाकलं, वीस टक्क्यांनी. चांगलंच औषध आहे, मी त्याच्याविरुद्ध नाही. पण ज्याला मागे टाकलं ते एनालाप्रिल म्हणजे माती नव्हे. गंभीर हृदयदौर्बल्यात मृत्यू घटवतं हे त्याने १९८७ मध्येच दाखवलं होतं आणि ते मिळतं काही रुपयांत. नीट मात्रेत रोज घेतलेलं एनालाप्रिल आणि कात्रीने कापून आठवड्यातून चारदा घेतलेली महागडी अर्धी गोळी, यांतलं आमच्या घराला काय योग्य होतं, हा प्रश्न डॉक्टरांनी आमच्यापुढे मांडायला हवा होता. मेडिकलवाल्याने तो सोडवायचा नाही, कारण या दोन औषधांची अदलाबदल करताना मध्ये ३६ तास जावे लागतात. एकत्र पोटात गेली तर जीभ-घसा सुजून जीव जाऊ शकतो. इतकी जोखमीची निवड आपण काउंटरवर सोडून दिली आहे.

पुढची गोष्ट आणखी वाईट. २०२३ च्या जानेवारीत सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचं मूळ पेटंट संपलं. पुष्कळ कंपन्या बाजारात उतरल्या, किमती धडाधड निम्म्यावर आणि त्याखाली आल्या. अण्णा त्या वर्षभरात पाच वेळा तपासणीला गेले. पाचही वेळा तोच ब्रँड, तीच चिठ्ठी, ‘हेच चालू ठेवा’. किंमत उतरली हे मला कळलं ते एका मैत्रिणीच्या सासऱ्यांची चिठ्ठी पाहून. कंपनीचा प्रतिनिधी नवा ब्रँड घेऊन येतो तेव्हा त्याला भेटायला वेळ असतो. औषध स्वस्त झालंय हे रुग्णाला सांगायला नसतो.

आमचं घर अपवाद असतं तर मी हे लिहिलं नसतं. देशातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सांगते की हृदय कमजोर असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी, ४७.५ टक्के लोकांनाच शिफारस केलेली औषधं मिळत होती. नव्वद दिवसांत १४.२ टक्के माणसं दगावली. सरासरी वय साठ. अमेरिका-युरोपात हा सत्तरीतल्या म्हाताऱ्यांचा आजार मानतात, इथे तो कमावत्या माणसाला गाठतो.

आणि सरकार? सरकारला किमतीला हात घालता येतो, हे त्याने २०१७ च्या फेब्रुवारीत दाखवलं. लाखाच्या पुढे विकल्या जाणाऱ्या औषधलेपित स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणून ठेवली. पण स्टेंट टाकल्यावर माणूस घरी जातो आणि योजनांची नजर रुग्णालयाच्या दारापर्यंतच पोचते. आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांची औषधं धरली आहेत. जन्मभराचा आजार आणि पंधरा दिवसांचा आधार! बाह्यरुग्णाचा खर्च योजनेत नाही. म्हणजे गोळ्या न परवडल्याने माणूस धापा टाकत पुन्हा दाखल झाला तर त्याच्यावर लाखभर खर्चायची तयारी, आणि तो दाखल होऊच नये म्हणून महिन्याला हजार-बाराशेच्या गोळ्या द्यायला तरतूद नाही. याला धोरण म्हणायची माझी तयारी नाही.

जेनेरिक लिहा, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये सक्तीने सांगितलं, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केल्यावर त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. डॉक्टरांचा आक्षेप होता की औषधांच्या दर्जाची खात्री नाही आणि ब्रँडची निवड दुकानदाराच्या हाती जाईल. या आक्षेपात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. सरकारने आधी दर्जा तपासायची यंत्रणा उभी करावी. पण विश्वासातल्या कंपनीचा स्वस्त ब्रँड लिहायला कुठल्या नियमाची वाट पाहावी लागते? एकाच नामांकित कंपनीच्या दोन ब्रँडमध्ये तिप्पट फरक असतो, हे डॉक्टरांना ठाऊक नसेल तर त्यांनी एकदा मेडिकलमध्ये उभं राहावं.

वेळ नाही, हे उत्तर मी फार ऐकलं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एक प्रयोग झाला. तपासणीला येण्याआधी रुग्णांना छोटी चित्रफीत आणि औषधांची एक पानी यादी पाठवली, कुठली औषधं असतात आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगणारी. ज्यांना ती मिळाली त्यांच्यापैकी ४९ टक्के लोकांचा औषधोपचार त्या भेटीनंतर वाढवला गेला. न मिळालेल्यांत ३० टक्क्यांच्याही आत. एका कागदाने एवढा फरक पडला. आपल्याकडे ओपीडीबाहेर दोन-दोन तास बसलेल्या माणसाच्या हातात असा मराठी कागद द्यायला काय लागतं? त्यावर प्रत्येक गोळीचं काम, महिन्याची किंमत, आणि ‘परवडत नसेल तर बंद करू नका, आम्हाला सांगा’ एवढी एक ओळ.

पैशाइतक्याच साध्या आणखी गोष्टी न विचारल्यामुळे अडतात. पाण्याची गोळी आई-मावशा एस.टी.ने जायचं असेल त्या दिवशी घेत नाहीत, कारण वाटेत स्वच्छतागृह नसतं. परत आल्यावर घेतली तरी चालेल का, हे विचारायची लाज वाटते. एम्पाग्लिफ्लोझिन बघून शेजारचे म्हणाले, ‘अण्णा, ही तर शुगरची गोळी, तुम्हाला शुगर कुठाय?’ झालं, त्यांच्या वेळापत्रकात सगळ्यात जास्त काट त्याच गोळीवर. मधुमेह नसलेल्यांच्या हृदयालाही ती उपयोगी पडते, हे चिठ्ठी देताना सांगितलं गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी आम्ही डॉक्टर बदलले. नव्या बाई तरुण आहेत, दवाखाना छोटा. त्यांनी आधी फाइल मिटून बाजूला ठेवली आणि अण्णांकडे वळून विचारलं, ‘आजोबा, औषधांना महिन्याला किती जातात? आणि त्यातल्या कुठल्या घेत नाही?’ अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प राहिले. मग त्यांनी पिशवीतून ती पत्र्याची पेटी काढली आणि झाकणाचा कागद बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो पूर्ण वाचला, ओरडल्या नाहीत. दोन ब्रँड बदलले, एक जुनी गोळी काढून टाकली, प्रत्येक औषधापुढे महिन्याची किंमत लिहिली आणि खाली बेरीज मारली : बाराशेच्या आत. अण्णांनी ती बेरीज बोटांवर पुन्हा करून पाहिली. बरोबर होती.

मग ते खुर्चीत जरा पुढे सरकले आणि म्हणाले, ‘बाई, आणखी एक विचारू? दिवसाला पाणी किती प्यायचं?’