मुंबईच्या घरावर सोलर पॅनेल : आधीं छप्पर, मग बसविणारा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें एक पाऊल शेतांत व दुसरें मुंबईंत असतें. भाऊ लालबागेंत, मुलगा परळास, मेहुणा गिरगांवांत, आणि घरच्या तांदळाचें पोतें वर्षाकाठीं तिकडे जातेंच. म्हणून घरावर सोलर पॅनेल बसवावें कीं नाहीं हा जो प्रश्न सध्यां मुंबईकर आप्तांपुढें आहे, तो शेतकऱ्याचाहि आहे. तेथें रक्कम अपुरी पडली म्हणजे निरोप गांवींच येतो.

लोक सर्वप्रथम विचारतात तें असें कीं, कोणत्या कंपनीचें पॅनेल चांगलें? आमच्या मतें हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न छप्पर कोणाचें हा, व दुसरा तें काम करणार कोण हा.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं एक गोष्ट नित्य पाहिली. बांधावरील आंबा कोणीं लाविला यावर दोन पिढ्या भांडल्या तरी शेवटीं कागदच बोलतो. गिरगांव-लालबागच्या चाळींत भाडेकरू तीन पिढ्या राहिला असला तरी कौलारू छप्पर मालकाचें असतें. पागडी दिली म्हणून तें भाडेकरूचें होत नाहीं. तेथें मालकाच्या लेखी संमतीवांचून एक खिळाहि ठोकूं नये. शिवाय इमारत पुनर्विकासास जाणार असेल तर पंचवीस वर्षें टिकणारी वस्तु पांच वर्षांत उतरविण्याची पाळी येईल. जुन्या वाशांची ताकद हा आणखी एक मुद्दा. एक पॅनेल सुमारें २५ किलो वजनाचें असतें. पण वजनापेक्षां वाऱ्याची उचल अधिक घातक. १७ मे १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलें तेव्हां कुलाब्यास वाऱ्याचे झोत ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होते. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें रायगडांतील छपरांचें काय केलें हें आमच्या कोंकणांतील वाचकांस सांगावयास नको.

दादरच्या सहकारी गृहसंस्थांची गोष्ट निराळी. तेथें सपाट गच्ची असते व ती संस्थेची असते. सर्वसाधारण सभेंत ठराव करून लिफ्ट, पाण्याचा पंप व जिन्यांतील दिवे यांकरितां पॅनेल बसविणें हा आम्हांस सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेंत अशा संस्थांस सामाईक वापरासाठीं दर किलोवॅटास १८,००० रुपये अनुदान ठेविलें आहे. स्वतंत्र घरास पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० व तिसऱ्यास १८,००० मिळून जास्तींत जास्त ७८,००० रुपये. एका किलोवॅटास सुमारें शंभर चौरस फूट मोकळी, उन्हाची जागा लागते, आणि वर्षाची सरासरी धरतां त्यापासून रोज सुमारें चार युनिटें मिळतात. पावसाळ्यांत उत्पन्न घटतें. जो विक्रेता मे महिन्याचा आंकडा बारानें गुणून दाखवितो, तो उन्हाळी भुईमुगाची आणेवारी खरिपास लावणाऱ्याच्याच जातीचा.

'उन्हाची' हा शब्द आम्हीं मुद्दाम घातला आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांस १९१५ पासून खोपोलीहून वीज मिळूं लागली. लोणावळ्याकडील पावसाचें पाणी घाटाखालीं पाडून ती निर्माण होत असे. आज त्या गिरण्यांच्या जागीं उंच मनोरे उभे आहेत, व त्यांची सावली शेजारच्या गच्च्यांवर पडते. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईंत भर मध्यान्हींहि तो क्षितिजापासून सुमारें ४७ अंशच वर असतो, म्हणजे इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब. पॅनेलें एका माळेंत जोडलेलीं असतात. पाटांत एके ठिकाणीं गाळ अडला म्हणजे खालच्या सर्व वाफ्यांस पाणी कमी पोहोंचतें, तसें एका पॅनेलावर सावली आली कीं साऱ्या माळेचें उत्पन्न खालीं येतें. पाण्याची टांकी व लिफ्टची खोली यांच्या सावल्यांचाहि हिशेब सकाळीं, दुपारीं व संध्याकाळीं उभें राहून करावा.

आतां बसविणारा. बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों, खांद्यावर हात फिरवितों; पण लाखों रुपयांच्या यंत्रणेसाठीं फोनवर भाव ऐकून विसार देतों, हें आम्हांस कधींच समजलें नाहीं. गच्चीवर न चढतां भाव सांगणाऱ्यास दारांतूनच निरोप द्यावा. जो चढेल त्याच्याकडून लेखी दरपत्रक घ्यावें, आणि त्यांत पॅनेल व इन्व्हर्टर यांचें नांव, नमुना, संख्या, सांगाड्याची धातु, तारांची जाडी, अर्थिंग, वीजरोधक, नेट मीटरचे अर्ज कोण करणार, हें सर्व असावें. तीन जणांकडून एकाच नमुन्यांत दरपत्रकें घेतलीं तरच तुलना होते. स्वस्त दरपत्रक बहुधा सांगाड्यांत व तारांत स्वस्त असतें, कारण त्या वस्तु कोणी पाहत नाहीं.

समुद्राची खारी हवा मात्र त्या बरोबर पाहते. आमच्या एका आप्ताच्या दादर येथील इमारतीवर एका कंत्राटदारानें साधे लोखंडी बोल्ट वापरले. दोन पावसाळ्यांत त्यांचा गंज भिंतीवरून ओघळला, आणि कंत्राटदाराचा फोन लागेना. जस्ताचा जाड मुलामा दिलेला सांगाडा व स्टेनलेस स्टीलचे बोल्ट असा उल्लेख करारांतच हवा. बसविणाऱ्याचें गेल्या महिन्यांतील काम पाहूं नये, दोन पावसाळे खाल्लेलें पाहावें, व त्या घरमालकाशीं बसविणाऱ्याच्या गैरहजेरींत बोलावें.

अनुदान हवें असेल तर बसविणारा योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो, आणि पॅनेलें व त्यांतील सेल भारतांत बनलेले असावे लागतात. अनुदान काम पुरें झाल्यावर ग्राहकाच्याच बँक खात्यांत जमा होतें. 'साहेब, अनुदान मीच काढून देतों, तुम्ही फक्त ओटीपी सांगा' म्हणणारा भेटला तर सावध व्हावें. पैसे टप्प्यांनीं द्यावे, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागून बिलांत युनिटांची वजावट दिसल्यावरच. बेटावरील शहरांत, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, वीज पुरवठ्याचें काम मुख्यतः बेस्ट करते. आपलें बिल ज्याचें असेल त्याच्याच कचेरींत मीटरचा अर्ज जातो. २०२४ च्या दुरुस्त नियमांप्रमाणें दहा किलोवॅटांपर्यंतच्या अर्जास तांत्रिक तपासणीवांचून मान्य धरावयाचें आहे, तेव्हां 'परवानगी अडली' ही सबब फार दिवस ऐकून घेऊं नये.

एक गैरसमज सर्वत्र आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या थांबल्या. त्यानंतर अनेकांस वाटूं लागलें कीं छपरावर पॅनेल असतें तर आपला दिवा चालला असता. बॅटरी नसलेली, तारांस जोडलेली यंत्रणा वीज गेली कीं आपोआप बंद होते. ती मुद्दाम तशी केलेली असते, नाहींतर खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. अंधार टाळावयाचा असेल तर बॅटरीचा खर्च निराळा धरावा लागेल. हें जो विक्रेता आपण होऊन सांगतो तो आमच्या मतें निम्मा पास झाला.

चाळींतील भाडेकरूस कांहीं जण सुचवितात कीं, मुंबईंत जमत नाहीं तर गांवच्या घरावर बसवा. छप्पर स्वतःचें असल्यानें हें सयुक्तिक दिसतें. पण जें घर दहा महिने कुलपांत असतें तेथें तीन किलोवॅट कशाला? वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांस मोबदला मिळतो तो विकत घेतलेल्या युनिटाच्या भावानें नव्हे, पुष्कळ कमी. आई-वडील राहत असतील तर त्यांच्या बारा महिन्यांच्या बिलांची बेरीज करून त्या मानानें लहान यंत्रणा घ्यावी. विहिरीवरील पंपाचा विचार याहून वेगळा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यास दहा टक्के व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यास पांच टक्केच भरावे लागतात, आणि पुरवठादार यादींतून निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा असतो. तो हक्क गांवांतील दलालाच्या हातीं देऊं नये; वरील कसोट्या तेथेंहि लागू आहेत.

आमची सूचना अशी कीं, एका गल्लींतील चार गृहसंस्थांनीं एकत्र दरपत्रकें मागवावीं. भाव उतरतो, आणि चार ठिकाणचें काम हातीं असलेला मनुष्य फोन उचलतो. सूर्यघर योजनेंत पांच वर्षें देखभाल बसविणाऱ्यानेंच करावयाची आहे, परंतु पॅनेल धुण्याचें काम बहुधा त्या देखभालींत धरलेलें नसतें. मुंबईंत कबुतरें व बांधकामाची धूळ यांमुळें तें दर पंधरवड्यास करावें लागतें, तेंहि सकाळीं कांच थंड असतांना. गच्चीवर नळ नसेल तर तो आधीं घ्यावा.