पँट प्रेस घ्यायची? आधी एका तासाचा हिशोब मांडा



घरून इस्त्रीचा धंदा कसा सुरू करायचा, यावर बोलायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, ती विजेवर चालणारी पँट प्रेस मिळते ना, ती घेऊ का? पँट आत अडकवायची, बटण दाबायचं, तोवर आपण दुसरं काम करायचं."

उत्तर आधीच सांगून टाकतो. स्वतःच्या पँटींसाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. पण धंद्यासाठी, आणि त्यातही बचत गटाचं किंवा बँकेचं कर्ज काढून, घेऊ नका. आता का ते बघा.

हे यंत्र मुळात कोणासाठी बनलं? इंग्लंडमधल्या कॉर्बी कंपनीचं नाव या वस्तूशी जोडलं गेलंय, आणि ती जगभर पोचली ती हॉटेलच्या खोल्यांमधून. साहेब संध्याकाळी मीटिंगहून आला, सुटाची पँट प्रेसमध्ये अडकवली, सकाळी क्रीझ तयार. म्हणजे एकदा घातलेली, थोडीशी चुरगळलेली पँट पुन्हा नीट करायची, एवढंच तिचं काम. आतमध्ये दोन पाट्या असतात, त्यातली एक गरम होते, आणि दाब देऊन पँट तशीच ठेवायची. मॉडेलप्रमाणे १५, ३० किंवा ४५ मिनिटं.

आता तुमच्याकडे येणारी पँट आठवा. ती वॉशिंग मशीनमधून पिळून निघालेली, दोरीवर उन्हात कडक झालेली असते. खिशाचं अस्तर गोळा झालेलं, चेनजवळ सुरकुत्या, कमरेचा पट्टा वाकडा. प्रेसच्या पाटीत फक्त पाय जातात. कंबर, खिसे आणि बसायचा भाग बाहेरच राहतो. त्यासाठी हातात इस्त्री घ्यावीच लागते. शिवाय पँट आत घालताना शिवणीवर शिवण बरोबर बसली नाही, तर एका पायावर दोन क्रीझ उमटतात आणि ती पँट पहिल्यापासून करावी लागते. म्हणजे यंत्राने वाचवलेला वेळ तुम्ही तिथेच परत देऊन टाकता.

अगदी सगळं बरोबर जमलं आणि १५ मिनिटांचाच टायमर पुरला असं धरू. तासाला ४ पँटी. हात बसलेला माणूस साध्या इस्त्रीवर तासाला १२ नग सहज काढतो, आणि त्यात शर्ट, कुर्ता, साडी सगळं येतं. प्रेसमध्ये शर्ट जात नाही. साडी तर सोडूनच द्या.

आणि आपल्या वर्ध्यात मागणी कशाची आहे ते बघा. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात, म्हणजे १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, खादी वापरण्याची पद्धत आहे. खादीचा कुर्ता धुतला की चिपाडासारखा होतो. त्याला पाण्याचा शिपका, भरपूर उष्णता आणि हाताचं वजन लागतं. सावंगी मेघेला डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींचे पांढरे ॲप्रन. त्यांना होस्टेलच्या खोलीत इस्त्री करायला ना जागा असते ना वेळ. हिंदी विश्वविद्यालयाच्या परिसरात कुर्ते आहेत, रामनगरच्या घरांमधून सुती साड्या आहेत. या सगळ्या गाठोड्यात पँटी किती निघतील, ते तुम्हीच मोजा.

आता विजेचं गणित. हे नीट वाचा, कारण धंदा इथेच फसतो आणि कळतही नाही.

१००० वॅटची इस्त्री सतत वीज ओढत नाही. तापली की बंद, थंडावली की चालू. कापडावर आणि इस्त्रीवर अवलंबून आहे, पण साधारण ६० टक्के वेळ चालू धरा. रोज ४ तास काम केलं तर २.४ युनिट. महिन्याचे २६ दिवस धरले तर ६२ युनिट. तुमच्या घराचा आधीचा वापर ९० युनिट असेल, तर आता बिल १५२ युनिटचं येणार. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर टप्पा बदलतो आणि दर एकदम चढतो. म्हणजे धंद्याची जवळजवळ सगळी वीज महागड्या टप्प्यातली. म्हणून "घरचं बिल भागिले युनिट" असा सरासरी दर काढू नका, वरच्या टप्प्याचाच दर लावा. उदाहरणापुरते १२ रुपये धरले तर ७४४ रुपये झाले. तुमचा खरा दर बिलाच्या मागे छापलेला असतो.

याच ४ तासांत रोज ४८ नग, महिन्याला १२४८. नगाला ८ रुपये मिळाले तर ९९८४. वीज गेली की ९२४० उरले. बरं वाटलं ना? थांबा. कपडे आणायला आणि पोचवायला रोज दीड तास जातो, तो कोणी धरतच नाही. साडेपाच तास गुणिले २६ म्हणजे १४३ तास. तासाला साधारण ६५ रुपये पडले. त्यातून पेट्रोल, खळ, पिशव्या, आणि कधीतरी एखादा शर्ट जळला तर त्याची भरपाई.

हा ६५ चा आकडा वाढवायचा कसा, एवढाच खरा प्रश्न आहे. पँट प्रेसने तो वाढत नाही. फेरी अर्धी केली तर वाढतो. चाळीस घरांतून एकेक शर्ट गोळा करण्याऐवजी एकाच होस्टेलच्या किंवा एकाच इमारतीच्या दारातून चाळीस कपडे उचलले, फेरीचा वेळ दीड तासावरून पाऊण तासावर आला, की तोच धंदा तासाला ७५ रुपयांवर जातो. एक रुपयाचंही यंत्र न घेता!

विजेबद्दल अजून एक गोष्ट, कारण "घरच्या मीटरवर धंदा केला तर दंड होईल का" ही भीती अनेक ताईंना असते. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांमध्ये राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दरच लावायची तरतूद आहे. अट अशी की महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ३६०० युनिटपर्यंत हवा. सध्या लागू असलेल्या आदेशात ही अट कशी आहे, ते महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे घरात दोन कूलर फिरतात, तेव्हा हा ३०० चा आकडा फार लांब राहत नाही. उन्हाळ्यात इस्त्री पहाटे उरकायची सवय लावा. विजेपेक्षाही तुमच्या तब्येतीसाठी. दुपारी ४५ अंशात इस्त्रीसमोर उभं राहणं म्हणजे गंमत नाही बापा.

मग पैसे लावायचे कुठे? एक चांगली जड इस्त्री. कंबरेच्या उंचीचं, वाकावं न लागणारं टेबल, त्यावर जुनी घोंगडी आणि वर स्वच्छ सुती चादर. १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग नीट केलेलं, इथे काटकसर करू नका. गडद टेरीकॉटच्या पँटीवर थेट इस्त्री फिरली की कापड चमकतं आणि गिऱ्हाईक तुटतं. म्हणून ओलसर सुती फडकं मध्ये घालायचं किंवा उलट बाजूने करायची. हे फडकं फुकटात मिळतं आणि क्रीझ प्रेसइतकीच धारदार येते. काम वाढलं की शिंप्यांकडे असते तशी, वर पाण्याची बाटली टांगलेली स्टीम इस्त्री घ्या. खादीला ती फार मानवते.

गिऱ्हाईक नक्की कशाचे पैसे देतं? याचं उत्तर सेवाग्रामच्या बापूंच्याच आत्मकथेत सापडतं. दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना ते स्वतःचे कपडे स्वतः धुऊन इस्त्री करायला लागले. एक कारण खर्चाचं होतं. दुसरं असं, की धोबी कपडे वेळेवर देत नसे, आणि दोन-तीन डझन शर्ट-कॉलर असूनही पुरत नसत. पहिल्या कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापलेली नव्हती, आणि कोर्टात बाकीचे वकील हसले. तरी ते मागे फिरले नाहीत. पुढे हात इतका बसला की गोखले तिकडे आले तेव्हा त्यांचा, न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेला उपरणं-वजा स्कार्फ त्यांनी इस्त्री करून दिला. तर असं बिनचूक वेळ न पाळल्यामुळे तेव्हाच्या धोब्याने एक पक्कं गिऱ्हाईक घालवलं. आज सावंगीच्या मुलीला सकाळी ८ च्या ड्यूटीला ॲप्रन हवा असेल आणि तुम्ही ९ ला दिला, तर क्रीझ कितीही कडक असो, ती उद्या दुसरीकडे जाईल.

कर्जाचंही बोलू. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत धोबीकाम आहे. या योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ ला आपल्या वर्ध्यातच झाला होता. पात्र कारागिराला प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज १८ महिन्यांसाठी. घरातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि पारंपरिक काम प्रत्यक्ष करणाऱ्यासाठीच ती आहे. नाव लिहून घेतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका, सीएससी केंद्रावर जा. आणि १ लाख मंजूर झाले म्हणून १ लाख उचलायलाच हवेत असं नाही. १८ महिन्यांत फेडायचं म्हटलं की नुसती मुद्दलच महिन्याला साडेपाच हजारांच्या वर जाते. वरचे ९२४० आठवा.

ज्यांना तरीही प्रेस हवीच आहे, त्यांच्यासाठी एक जागा मला दिसते. तुमचं छोटं लॉज असेल, पाहुणे मुक्कामी येत असतील, तर मजल्यावर एक ठेवा. तिथे ती शोभते. किंवा तुम्ही एमआर असाल, रोज तीच गडद पँट घालून फिरत असाल, तर रात्री अडकवा, सकाळी घाला.

बाकीच्यांनी उद्यापासून १५ दिवस एक वही करा. तारीख, किती नग, त्यात पँटी किती, इस्त्रीला किती वेळ, फेरीला किती वेळ. सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर रीडिंगही लिहा. मग पँटींचा रकाना आणि फेरीचा रकाना शेजारी ठेवून मला आकडे पाठवा.