एक चाळण, तीन घरं

मंडळी, यंदा गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात एक काका माझ्याशी बोलले नाहीत. एरवी श्रीखंडाची वाटी हातात घेऊन तासभर गप्पा मारणारा माणूस! शेवटी त्यांच्या सूनबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबांनी ऑगस्टमध्ये दिवाळी अंकासाठी लेख पाठवला होता. कोणी साधी पोचही दिली नाही." लेख गिरणी संपाच्या दिवसांवरचा, त्यांच्या लालबागच्या मित्राविषयी. संपादकांना विचारलं, तर त्यांनी असा लेख पाहिलाच नव्हता.

मंडळाच्या मेलचं काम माझ्याकडे आहे. घरी येऊन सर्व्हरचा लॉग उघडला. लेख आला होता. तो स्पॅमच्या फोल्डरमध्ये गेला आणि ३० दिवसांनी नियमाप्रमाणे पुसला गेला.

आपल्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन नावाची चाळणी आहे. ती प्रत्येक पत्राला शेकडो नियम लावते आणि प्रत्येक नियमाचे गुण देते. बेरीज ५ झाली की पत्र स्पॅम. काकांच्या पत्राला विषय नव्हता, त्याचे काही गुण. सोबत जुने फोटो चिकटवलेले, त्याचे थोडे. सर्वांत जास्त गुण मात्र एकाच कारणासाठी होते: पत्र 'नको असलेल्या भाषेत' आहे!

मराठी मंडळाच्या सर्व्हरवर मराठी नको असलेली भाषा? पूर्वी परदेशी लिपीतल्या जाहिरातींचा पूर आला होता, तेव्हा कोणीतरी 'फक्त इंग्रजी चालेल' अशी ओळ लिहून ठेवली होती. तो कोणीतरी म्हणजे मीच. आपण एकमेकांना बहुधा इंग्रजीत लिहितो, आणि त्या एका नियमाने बेरीज ५ पर्यंत पोचत नाही, म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही.

ती ओळ खोडली, पण खरी चूक निराळी होती. आपल्या सर्व्हरवर तीन डोमेन आहेत: मंडळाचं, मराठी शाळेचं आणि दिवाळी अंकाचं. तिन्हींना एकच चाळण लावली होती. मैद्याच्या चाळणीतून रवा चाळायला गेलं की रवा वरच राहतो आणि आपण त्याला कोंडा समजून फेकतो.

खजिनदारांना 'मी अध्यक्ष बोलतोय, घाईत आहे, गिफ्ट कार्डं घेऊन ठेवा' अशी पत्रं येतात. तिथे एक खोटं पत्र आत आलं तर पैसे जातात. अंकाच्या पत्त्यावर चार जाहिराती आल्या तर संपादक वैतागतील, एवढंच. पण एक खरा लेख गेला तर माणूस दुखावतो. मग दोघांची चाळण सारखी कशी असेल?

आता नियम तीन पायऱ्यांवर आहेत: सर्वांसाठी, डोमेनसाठी आणि एकेका व्यक्तीसाठी. खालची पायरी वरचीला बदलू शकते. मंडळाच्या डोमेनची मर्यादा ४. शिवाय नाव अध्यक्षांचं पण पत्ता बाहेरचा, अशा पत्राला जादा गुण. शाळेची मर्यादा ५ च ठेवली. अंकाची ८, आणि तिथलं स्पॅम आपोआप पुसलं जात नाही. संपादक मंडळातलं कोणीतरी दर रविवारी ते पाहतं.

दुसऱ्या मंडळांत हे काम करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी.

एक, आपल्याच डोमेनला डोळे मिटून 'विश्वासू' ठरवू नका. पाठवणाऱ्याच्या जागी कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो. एसपीएफ किंवा डीकेआयएमची तपासणी पार केली, तरच सवलत द्या.

दोन, एकच पत्र खजिनदार आणि संपादक दोघांना आलं, तर दारात त्याचा निकाल एकच लागतो. म्हणून दारात फक्त अगदी उघड स्पॅम अडवा. आमच्याकडे ती मर्यादा १५ आहे. डोमेनचे नियम प्रत्येकाच्या पेटीत पत्र टाकताना लावा.

तीन, अडवायचं तर दारातच अडवा, म्हणजे खऱ्या पाठवणाऱ्याला त्याचा सर्व्हर कळवतो. आधी घेऊन मागाहून परत पाठवलं, तर ज्याचा पत्ता चोरला त्या बिचाऱ्याच्या माथी ते पडतं. आणि घेतलेलं पत्र कोणी न पाहता पुसू नका. गप्प राहणारी चाळणी सर्वांत वाईट, कारण यंत्राचं गप्प राहणं समोरच्याला माणसाचं वाटतं.

काकांच्या फोनमध्ये लेखाची प्रत होती. मी घरी जाऊन माफी मागितली आणि लेख या अंकासाठी मागितला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घ्या. पण ज्याला अंक पाठवायचा होता तो जानेवारीत गेला." यावर मला काही बोलता आलं नाही.

लेख याच अंकात आहे, जरूर वाचा. आणि मंडळाला पाठवलेल्या पत्राचं आठवड्यात उत्तर आलं नाही, तर रागावण्याआधी एक फोन करा. चूक बहुधा माझी असेल.

दिवाळीच्या शुभेच्छा!