परसांतलें लिंबाचें झाड व बागाइतदाराचें कर्तव्य

बागाइतदार बंधूंस आपल्या मोसंबीच्या किंवा संत्र्याच्या बागेची जितकी काळजी असते, तिच्या शतांश काळजीहि परसांतल्या लिंबाच्या वांट्यास येत नाहीं. न्हाणीचें पाणी त्यास सोडावें आणि वर्षभर लिंबें तोडावीं, एवढाच काय तो संबंध. पुढें एके वर्षीं पानें पिवळीं पडतात, शेंडे वाळूं लागतात, आणि मग घरांतला प्रत्येकजण वैद्य होतो. कोणी शेणखत ओततो, कोणी युरिया टाकतो, कोणी पाणी दुप्पट करतो. रोग कोणता, हें मात्र कोणीच पाहत नाहीं. या आंधळ्या उपचारानें झाड तर जातेंच; पण कित्येकदां शेजारची बागहि धोक्यांत येते, असें आमचें मत आहे.

पिवळेपणा हा रोग नव्हे, तें केवळ लक्षण आहे. म्हणून प्रथम पान हातांत घेऊन नीट पाहावें. खालचीं जुनीं पानें सर्वत्र सारखीं पिवळीं असतील, तर नत्राची उणीव समजावी. तेथें खताचा उपयोग होईल. नवीं पानें बारीक व अरुंद, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, व ही खूण मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस सारखी असेल, तर बहुधा जस्त कमी पडलें आहे. पण मधली शीरच पिवळी पडली असेल, तर पान सोडून बुंध्याकडे वळावें.

बुंध्याजवळची माती हलक्या हातानें उकरावी. साल कुजून तपकिरी झाली असेल व तींतून डिंक गळत असेल, तर तो डिंक्या होय. फायटॉफ्थोरा नांवाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव ओल्या जमिनींत वाढतो व सालींत शिरतो. अशा झाडास पाणी वाढविणें म्हणजे रोगासच पोसणें होय. कुजलेली साल धारदार, स्वच्छ चाकूनें निरोगी भागापर्यंत खरवडून काढावी, तो कचरा जाळावा आणि जखमेवर बोर्डो मलम लावावें. एका झाडापुरतें १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना, प्रत्येकीं अर्धा लिटर पाण्यांत, वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. भांडें प्लास्टिकचें किंवा मातीचें असावें, लोखंडाचें नसावें. हेंच मलम मृगापूर्वी व पावसाळा सरल्यावर बुंध्यास दोन-तीन फूट उंचीपर्यंत लावावें. न्हाणीचें पाणी दुसरीकडे वळवावें, आणि दुहेरी आळें करून पाणी बाहेरच्या आळ्यांतच द्यावें. तें बुंध्यास लागूं देऊं नये.

येथपर्यंतचे दोष उपायानें आटोक्यांत येतात. खरा कठीण प्रश्न पुढें आहे. पानावर पिवळे-हिरवे डाग असून मधल्या शिरेच्या दोन बाजू परस्परांशीं जुळत नसतील, फळें लहान व वांकडीं होऊन त्यांतील बिया पोचट निघत असतील, तर ग्रीनिंग या रोगाची शंका घ्यावी. हा जिवाणूचा रोग असून सिट्रस सायला नांवाची बारीक कीड कोवळ्या नवतीवरून तो झाडोझाडीं नेते. आपण लिंबाशेजारीं हौसेनें लावतों त्या कढीनिंबावरहि ही कीड वाढते, हें ध्यानांत असावें. रोग समूळ बरा करणारें औषध आजवर निघालेलें नाहीं. अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतीं तो २००५ सालीं आढळला. तेथें २००३-०४ च्या हंगामांत संत्र्यांच्या २४ कोटींहून अधिक पेट्या भरल्या होत्या. २०२२-२३ मध्यें त्या २ कोटींहूनहि कमी भरल्या. वादळांनीं या हानींत भर घातली, पण मुख्य घाव या रोगाचाच होता.

कागदी लिंबू हा रोग मोसंबीच्या मानानें अधिक सोसतें, म्हणजेच आजारी झाड परसांत दीर्घकाळ उभें राहून कीड व रोग दोन्ही पुरवीत राहतें. वडिलांनीं लावलेल्या झाडावर कुऱ्हाड घालणें जिवावर येतें, हें आम्ही जाणतों. केवळ पान पाहून घाईनें तोडावें, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणीं विचारणा करून पानांची परीक्षा करवावी. पण रोगाचा निर्णय झाल्यावर दया दाखविणें म्हणजे शेजाऱ्याच्या बागेशीं निर्दयपणा करणें होय. प्रथम कीडनाशक फवारून सायला मारावी, म्हणजे ती उडून दुसऱ्या झाडावर जाणार नाहीं; मग झाड मुळासकट काढावें. त्याचा डोळा कलमासाठीं कोणासहि देऊं नये, आणि नवें कलम खात्रीच्या रोपवाटिकेंतूनच आणावें.

आपल्या बागेस कुंपण घालतां येतें, पण कीड कुंपण मानीत नाहीं. याकरितां प्रत्येक नवतीच्या वेळीं गांवांतील बागाइतदारांनीं एक दिवस ठरवून एकमेकांचीं परसें पाहावीं, अशी आमची सूचना आहे. त्यास खर्च लागत नाहीं. लागतो तो थोडा वेळ, आणि आजारी झाडास आजारी म्हणण्याचें धैर्य.